जांभळ्या रेघा

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिची अंघोळ. दिवस मावळायच्या आत मी मिठागरावरून आलो, पाणी तापवलं, तिला मागीलदारी दगडावर बसवलं. काथ्यानं तिचं पोट घासत होतो. पोटावर जांभळ्या रेघा होत्या, त्या काही निघेनात.

"आवो, मी काय मिठागराची जमीन हाय? सावकाश!"

"रंग सुटत नाय."

"सोडवा. उद्या त्या सायबापुढं शिमग्याचं सोंग होऊन जाऊ काय?"

दोघंही हसलो.

तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. पनवेलच्या डॉक्टरनं मुंबईला धाडलं. तिथं यंत्राखाली निजवून किरणांचा शेक देतात, त्यानं गाठ जळते. चालू यंत्र एकच, आणि माणसं पार नागपूरपासून आलेली. तीन महिन्यांनी तिचा नंबर लागला. रेघा ओढणाऱ्या माणसानं तीन दिवस आधी पोटावर खुणा केल्या नि म्हणाला, "गुरुवारी स्वच्छ होऊन या." एवढंच बोलला. आम्ही मिठातली माणसं. अंगावर खार घेऊन कोणाच्या दारात जात नाही. स्वच्छ म्हणजे आमच्यात घासून स्वच्छ.

गुरुवारी त्यानं तिचं पोट बघितलं नि ओरडला, "हे धुतलं कोणी?"

"मी."

"अडाणी माणसा, त्या खुणांवरच यंत्र लावायचं होतं!"

मोठे डॉक्टर शांतपणे बोलले. पुन्हा माप घ्यावं लागेल, आज ते होणार नाही. बाहेरचे बाक दाखवले. सगळे भरलेले. तिचा नंबर शेवटाला गेला, दोन महिन्यांवर. घरी येताना ती एसटीत एवढंच म्हणाली, "तरी मी सावकाश घासा म्हणत होते."

नंबर यायच्या अकरा दिवस आधी ती गेली.

लोक म्हणाले, देवाची मर्जी. देवानं काथ्या घासला नव्हता, मी घासला. आणि 'पाणी लावू नका' एवढं बोलायला त्या माणसाचं तोंड दुखत होतं. माझ्या हाताला मी अजून माफ केलेलं नाही. त्याला तर सोडणारच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिची राख गरम असताना, मी पहिली एसटी धरली. बरोबर फावड्याचा दांडा. याच दांड्यानं त्याचे हात मोडायचे, असं ठरवून निघालो होतो. त्याच्या खोलीच्या दारात पोचलो तर तो एका म्हातारीच्या पोटावर रेघ ओढत होता. बाकावर बायका ओळीनं बसलेल्या. रेघा ओढणारा तो एकटाच. त्याचे हात मोडले तर या सगळ्या आज घरी जाणार, माझ्या बायकोसारख्या.

दांडा भिंतीला टेकवला.

"माजी बायको मेली," मी म्हटलं. "वहीत तिच्या नावापुढं लिव. माज्यासमोर."

त्याचं तोंड उतरलं. लिहिलं.

"आता या म्हातारीला सांग, रेघांना पाणी लावायचं नाय."

तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

दुपारपर्यंत मी तिथंच उभा होतो. एकेक बाई आत आली, आणि प्रत्येकीला त्यानं सांगितलं. आवाज खाली आला की मी दांड्याकडं हात नेत होतो.

"मोठ्यानं."