शेपूटबाबाचा दगड

वाटाड्या म्हणजे पुढे चालणारा माणूस, ही आमची समजूत शेपूटबाबानं पहिल्याच दिवशी मोडली. तो सगळ्यांच्या मागे चालायचा. "वाट चुकतो पुढचा, पन हरावतो मागचा," असं त्याचं म्हणणं.

आम्ही भिवंडीचे अकराजण, कोणी मास्तर, कोणी कारकून. ऐंशीच्या दशकात दर दिवाळीच्या सुटीत भिवंडीजवळच्या वडप्याहून पायी निघायचो आणि मुरबाडकडची गावं घेत, देवळांत मुक्काम करत, शेवटी नाणेघाट चढायचो. बाबा वडप्यामागच्या पाड्यावरचा. 'शेपूट' हे नाव आमच्यातल्या वात्रटांनी ठेवलेलं, पण त्याला त्याचा राग नव्हता. "शेपूट हाय म्हून गुराला माश्या खात न्हाईत, मास्तर!" म्हणायचा. मुक्कामी टेकला की पहिला प्रश्न ठरलेला, "समदी पोचलाव नं?"

त्याची एक शिस्त होती. प्रत्येक खिंडीत ज्यानं त्यानं एकेक दगड ठेवायचा. बाबा मागून येऊन ते मोजणार आणि मग आपला ठेवणार. एकदा गप्पांच्या नादात मी दगड ठेवायला विसरलो, तर हा मला शोधत पार मागच्या गावापर्यंत जाऊन आला. मी मुक्कामी आरामात भाकरी खात बसलेलो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा शेजारी टेकला, माझ्याच ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली आणि म्हणाला, "हाईस ना? मंग झाला."

पुढे नव्वदनंतर त्याला धाप लागायला लागली, तरी जागा सोडली नाही. अशाच एका वर्षी नाणेघाटाच्या माथ्यावर आम्ही दगड ठेवले आणि पलीकडचं गाव गाठलं. दिवस कलला तरी बाबा आला नाही. कोणीतरी म्हणालं, मागे जाऊन बघू या. "तो कसला हरवतोय? येईल," असं म्हणणारा मीच. पाय दुखत होते, समोर चहा आला होता. त्या वाक्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

सकाळी तो सापडला. माथ्याच्या जरा खाली, कड्याला पाठ टेकून बसलेला, गार पडलेला. मुठीत दगड होता. तो ठेवला गेला नाही, हे बघायला त्याच्या मागे कोणी नव्हतं.

टेंपोतून त्याला पाड्यावर आणला. त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग आमच्याकडे बघत, रडतरडतच विचारलं, "तुमी समदी पोचलाव नं?"