सोसायटीच्या ऑफिसातली क्लॅरिनेट

जुईनगरला राहायला जाऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाच माझे वडील सोसायटीचे सेक्रेटरी झाले. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झाले, पण मग त्यांनी ते काम फारच मनावर घेतलं. नोटिसा ते हाताने लिहायचे आणि मी त्या टाइप करून आणायची. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बेलापूरच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते.

त्यातली एक नोटीस तिसऱ्या मजल्यावरच्या अंकलसाठी होती. ते मूळचे गोव्याचे, साठी उलटलेले, एकटे. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून त्यांनी तीस-पस्तीस वर्षं जाझ वाजवला होता, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट. हॉटेलांतले बँड एकेक करून बंद पडले तसे ते भायखळ्याची खोली सोडून इकडे आले. रोज दुपारी दोन तास त्यांचा रियाज चालायचा. नेमका त्यांच्या खालच्या मजल्यावरचा गृहस्थ एका कारखान्यात रात्रपाळीला जायचा आणि दुपारी झोपायचा. त्याची तक्रार खरी होती.

नोटीस द्यायला मी गेले. अंकलनी दारातच उभं राहून ती वाचली.

"हे तू टाइप केलं, बाय? एक पण चूक नाय." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "त्याची झोप पण खरी आहे. पप्पाला सांग, उद्यापासून आवाज नाय येणार."

दुसऱ्या दिवसापासून भर मे महिन्यात, डोक्यावर टोपी आणि हातात काळी पेटी घेऊन ते खाडीकडे जायला लागले. तिथे तेव्हा नुसती मोकळी जमीन आणि पुढे तिवरं होती, सावलीला एक झाड नव्हतं. वडील गॅलरीतून बघायचे. चौथ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "माणूस आजारी पडेल असा. नोटीस मीच काढलीय ना."

त्यांनी कमिटीची मीटिंग बोलावली. पंपरूमच्या शेजारी सोसायटीचं ऑफिस होतं, एरवी फक्त रविवारी उघडायचं. ते अंकलना दुपारी वापरायला द्यायचं ठरलं. अट एकच, सोसायटीतल्या कुणाला शिकायचं असेल तर शिकवायचं. फळ्यावर सूचना लागली. पंधरा दिवसांत एकही नाव आलं नाही.

"आपल्या घरातून तरी एक नाव नको का?" वडील म्हणाले. "कसं दिसतं ते?"

अशी मी शिष्या झाले. शनिवारी माझा अर्धा दिवस असायचा, घरी येऊन जेवले की खाली जायचं. अंकलनी त्यांची जुनी क्लॅरिनेट माझ्या हातात दिली आणि पहिले दोन महिने एकच काम दिलं. एक सूर धरायचा आणि दम संपेपर्यंत सोडायचा नाही. माझे गाल दुखायचे, ओठाची आतली बाजू सोलवटायची. ते समोरच्या लोखंडी खुर्चीवर डोळे मिटून ऐकायचे. पावसाळा संपेपर्यंत मी त्यांना 'सर' म्हणायला लागले होते, कधीपासून ते आता आठवत नाही.

दुसरा शिष्य आपणहून आला. उरणजवळच्या मोरा गावचा कोळी, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. त्याची बायको जुईनगरच्या बाजारात मासळी विकायला बसायची, तो पाट्या पोचवायला यायचा. लग्नसराईत गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, कुणी न शिकवता शिकलेला. सर खाडीवर जायचे त्या दिवसांत त्याने त्यांना लांबून ऐकलं होतं आणि मग महिनाभर शोधत फिरला होता.

"सर, तुमी वाजवता ते गानं मना येतच नाय," दारात चपला काढत तो म्हणाला. "सुरू होतंय वलखीचं, मंग कंय जातंय तेच कलत नाय."

सर एवढे खूश झालेले मी आधी पाहिले नव्हते. "तेच तर शिकायचं आहे. ये, बस."

धून एकदा जशीच्या तशी वाजवायची, मग त्याच सुरांत आपल्या मनातलं सांगायचं आणि फिरून धुनेवर यायचं, असं ते समजवायचे. मोऱ्याचा तो दादा मोकाट सुटायचा, ताल सोडून कुठल्या कुठे जायचा. सर टाळी देत त्याला ओढून आणायचे. माझं उलट होतं. मी कागदावर लिहिलेलं बरोब्बर वाजवायची आणि पुढे काय करायचं ते सुचायचंच नाही. एकदा मी अख्खी धून न चुकता वाजवली आणि आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "टायपिंग छान झालं."

मी क्लॅरिनेट टेबलावर ठेवली आणि तडक घरी आले. आईपाशी रडले. पुढच्या शनिवारी गेले नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी सर स्वतः जिना चढून आमच्याकडे आले, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाले, "मी वाईट बोललो. पण खोटं नाय बोललो. चल खाली."

मी गेले. आजवर मला त्यांच्यासारखं मोकळं वाजवता आलेलं नाही, पण त्या दिवसानंतर चुकायची भीती कमी झाली.

दोन वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात सर शिकवताना स्वतःचं वाद्य नुसतं मांडीवर घेऊन बसायला लागले. 'तुमी वाजवा, मी ऐकतो.' महिनाभर आम्हाला काही कळलं नाही. शेवटी दादानेच विचारलं, तेव्हा ते तोंडावर हात धरून म्हणाले की वरचे पुढचे दात गेले. वाशीच्या डॉक्टरने कवळी बसवून दिली होती, पण फुंकवाद्याला वरच्या दातांचा आधार लागतो. कवळी हलायची, सूर फाटायचा.

"पन्नास वर्षं वाजवलं," ते म्हणाले. "पुष्कळ झालं." आणि लगेच टेबलावर बोटांनी ताल धरून पुढची ओळ गाऊन दाखवली. त्यानंतर ते गाऊनच शिकवायचे. त्यांचा गळा चांगला नव्हता, पण काय हवंय ते कळायचं.

दादाच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. हळदीला त्याने सरांना, मला आणि वडिलांना बोलावलं. एसटीने आम्ही दुपारी मोऱ्याला पोचलो. मांडवात नवरीला हळद लागत होती, बाया फेर धरून नाचत होत्या आणि दादा स्वतःच बँडच्या पुढे उभा होता. त्याने एक नेहमीचं कोळीगीत धरलं. दोनदा सरळ वाजवलं. तिसऱ्यांदा त्याने धून सोडली आणि वर चढत गेला. ढोलवाले गोंधळून त्याच्याकडे बघायला लागले. बायांचे पाय अडखळले.

एक म्हातारी ओरडली, "अरं, गानं कंय न्हेलंस रं?"

दादा डोळे मिटून वाजवत होता. मग अलगद उतरत तो बरोब्बर समेवर, त्याच कोळीगीतात परत आला. मांडवात जो ओरडा झाला! म्हातारीच पहिली नाचायला लागली. सर कवळी सांभाळत हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते माझ्या वडिलांच्या पाठीवर थापा मारत होते. वडिलांना संगीतातलं फारसं कळत नव्हतं. तेही हसत होते.

पुढच्या वर्षी सरांची बहीण येऊन त्यांना गोव्याला घेऊन गेली. जाताना क्लॅरिनेट माझ्याकडे राहिली आणि सॅक्सोफोन दादाकडे गेला. दीड वर्षाने बहिणीचं पत्र आलं. शेवटचे काही दिवस ते अंथरुणात बोटं हलवत असायचे, असं तिने लिहिलं होतं.

दादाकडे फोन नव्हता. रविवारी सकाळी मी एकटीच मोऱ्याला गेले. धक्क्यावर जाळी पसरली होती, तो तिथेच भेटला. मी सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "तरास झाला का त्यांना?" मी नाही म्हटलं. तो उठला, हात पुसले.

मग म्हणाला, "चल."

देवळामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गावातली सात-आठ माणसं वाद्यं घेऊन बसली होती. काही तरुण, एकाचे केस पिकलेले. रविवारी दादा त्यांना शिकवायचा. हे मला माहीतच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तसा दादाने घसा साफ केला.

"ही माजी गुरुबहीन," तो म्हणाला. "आज हिच्याकरनं शिका."