करडईच्या फुलाची चादर

आम्ही सोलापुरातले तेलुगू विणकर, म्हणून घरात वडिलांना नायना म्हणतो, आणि ते मला बिड्डा, म्हणजे लेकरू. नायना चादरींची डिझाइनं काढायचे. तरुणपणी ग्राफ पेपरवर पेन्सिलीनं एकेक चौकोन भरायचे. एकेक चौकोन म्हणजे एकेका धाग्याची जागा. पुढे कॉम्प्युटर आला आणि सगळी डिझाइनं त्यातल्या एका प्रोग्राममध्ये गेली. करडईच्या फुलाचं डिझाइन त्यांचं सगळ्यात लाडकं. नवी पेठेतला एक व्यापारी दर थंडीच्या आधी तीच चादर मागायचा.

खंडेनवमीला माग, कात्र्या, कॉम्प्युटर सगळं पुसून हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर कशालाही हात लावायचा नाही, ही आमची रीत. त्या वर्षी पूजेपुरता कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर इंग्रजी पाटी. मी वाचून दाखवली: तुमचं विंडोज जुनं झालंय, उद्यापासून हा प्रोग्राम त्यावर उघडणार नाही, आपली डिझाइनं आजच नव्या पद्धतीत बदलून घ्या.

"आज हात लावायचं न्हाय," नायना म्हणाले. "येवढी वर्षं चाललंय, एका रात्रीत कुटं जातंय? उद्या बघू की."

दसऱ्याला प्रोग्राम उघडलाच नाही. सुट्टी संपल्यावर मी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, नवीन कॉम्प्युटर आणि नवीन व्हर्जन घ्या." आणि जुनी डिझाइनं? "ती त्यात उघडत नाहीत. तुम्हाला सूचना दिली होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉम्प्युटर धडधाकट होता, प्रोग्राम रीतसर विकत घेतलेला होता. नवा माल खपावा म्हणून कुणीतरी आमच्याच घराला बाहेरून कडी घातली होती. यांचं तळपट होवो, असं मी फोन ठेवल्यावर मोठ्यानं म्हणाले. नायना मात्र चिडले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

व्यापाऱ्याचा निरोप आला, चादरी वेळेवर द्या, नाहीतर दुसरीकडून करून घेतो. त्या डिझाइनची एक चादर घरात होती. मी म्हटलं, नायना, ती समोर ठेवा आणि पुन्हा कागदावर काढा, तुमच्याच हातचं तर आहे. ते टाळत राहिले. चांगला कागद मिळत नाही म्हणाले, मी कागद आणला. उजेड पुरत नाही म्हणाले, मी टेबल दारात ओढलं.

शेवटी बसले. चादर अगदी डोळ्यांपाशी नेली आणि पहिला चौकोन भरला, तो रेघेवरच. दुसरा त्या पहिल्यावरच. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला दिसत न्हाय, बिड्डा. लई दिवस झाले. कॉम्प्युटरवर चौकोन ताटायेवढा मोठा करून बघत होतो, म्हणून चाललं होतं."

मग त्यांनी मला व्यापाऱ्याला फोन लावायला सांगितलं. मी लावला. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"दुसरीकडून करून घ्या, शेठ," नायना म्हणाले. "मी काम सोडलं."