दादाच्या कूलरचा सूर

मार्चमध्ये, एका मंगळवारी, दादा गेला. शनिवारी मुलं गिटारी घेऊन फाटकाशी आली. सांगायचं काम माझ्याकडे आलं.

धरमपेठेत आमच्या घरामागे एक गोदाम आहे. तिथं दादानं रॉक बँडसाठी क्लब काढला होता. शहरात तेव्हा बँड म्हणजे वरातीतला. स्वतःची गाणी म्हणणाऱ्या पोरांना कोणी जागा देत नसे. दादानं दिली, आणि एकाचं पाहून दुसरा असे शहरात बँड उगवत गेले. मी भिंतीपलीकडे कानात कापूस घालून वाचत बसे.

गोदामात पत्र्याचा कूलर होता. उन्हाळ्यात तो बंद करणं म्हणजे श्रोते शिजवणं. त्याची घरघर गिटारींशी भांडे. शेवटी दादानं तोड काढली: सगळ्यांनी वाद्यं कूलरच्याच सुरात लावायची. खापरखेड्याहून येणारी गायिका पहिल्या दिवशी अडखळली, तेव्हा तो म्हणाला, "मले काय विचारून राहिली वं? कूलरले विचार. तोच आपला तानपुरा."

पुण्याच्या स्पर्धेत तिथल्या कीबोर्डपेक्षा आमच्या बँडचा सूर खाली निघाला. परीक्षकांनी त्याला धाडसी प्रयोग ठरवून उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून ढाल दिली. दादानं ती ढाल कूलरवर ठेवली. पाणी उडून ती गंजली.

यंदा एप्रिलमध्ये कूलर मी लावला. गवत बदललं, टाकी भरली, बटण दाबलं. मोटर जळाली. मेकॅनिकनं नवी बसवली आणि अभिमानानं म्हणाला, "साहेब, आता आवाजच नाही येणार."

आला नाही. त्या शनिवारी गायिकेनं एक सूर धरला, गिटारनं दुसरा.

"काका, हा कूलर मुका आहे," ती म्हणाली.

"मोबाइलवर सूर मिळतो म्हणे."

"त्याच्यात आमची गाणी आमची वाटून नाही राहिली."

ड्रमर काठ्या पिशवीत भरू लागला. "चाल वं, दुसरीकडे जागा पाहू."

मुलं गेली असती, तर दादाचा क्लब माझ्या हातून बंद पडला असता. "बसा!" मी ओरडलो. माझा एवढा मोठा आवाज मीही पूर्वी ऐकला नव्हता. मुलं बसली. मी स्कूटर काढून मेकॅनिककडे गेलो. जुनी मोटर त्याच्या भंगारात पडली होती.

"हिचं जळालेलं वाइंडिंग नवं करून द्या."

"काहून? लई घरघर करते ना ते."

"तीच पाहिजे."

त्यानं मला निरखून पाहिलं. घरात कोण गेलं, हे त्याला माहीत होतं. त्यानं मोटर भंगारातून उचलून टेबलावर ठेवली.

पुढच्या शनिवारी कूलर घरघरला. गायिकेनं डोळे मिटून ऐकलं आणि गिटारवाल्याकडे बघून मान हलवली.

दादा नाही. क्लब शनिवारी भरतो. कूलरमध्ये पाणी मी भरतो, आणि कानात कापूस अजून लागतो.