जिन्याच्या माथ्यावरचा खांब

१२ फेब्रुवारी १९८४, रविवार. सकाळी साडेआठ वाजता आमच्या जिन्याच्या माथ्यावरचा खांब पुन्हा उभा करण्याचे काम सुरू झाले.

मुलुंड पूर्वेला आमची लहानशी एकमजली बंगली होती. वरच्या खोलीची लाकडी जमीन वाळवीने पोखरली, म्हणून ती काढून तेथे नव्या सागवानी फळ्या बसवून घेतल्या. त्यासाठी कठड्याची दांडी जेथे संपते तो खांब उपटावा लागला. त्याचा तळ वाळवीने खाल्ला होता. तेवढा कापून टाकला. फळ्या बसल्या, त्यांवरचे पॉलिश वाळले. खांब मात्र भिंतीशी आडवा पडून होता.

माझ्या पत्नीचा उजवा पाय लहानपणीच्या तापात कायमचा अधू झाला होता. जिन्याची शेवटची पायरी ती त्या खांबाच्या आधारानेच ओलांडीत असे. वरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी तिचे शिवणयंत्र असे. आळीतल्या बहुतेक स्त्रियांची पोलकी तेथे शिवली जात. काम निघाल्यापासून यंत्र खालच्या मागल्या खोलीत आणले होते. त्या खोलीच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत होती. भर दुपारीही यंत्रावर दिवा टांगावा लागे. तक्रार तिने केली नाही. त्या सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना ती एवढेच म्हणाली, "आज जमलं तर बघा. नाहीतर मशीन खालीच राहू दे कायमचं. रोजची धाकधूक नको मला."

'कायमचं' हा शब्द मला रुचला नाही.

सुतार मालवणकडचा, माझ्याच वयाचा आणि बोलका होता. त्याने खांब नव्या फळ्यांवर उभा केला, ओळंबा लावून सरळ केला आणि चारही बाजूंनी लोखंडी पट्ट्या स्क्रूने आवळल्या. काम देखणे झाले. मी दोन्ही हातांनी खांब ढकलून पाहिला, मग खांदा लावला. तो हलला नाही.

"साहेब, आता हत्ती बांधलात तरी हलाचो नाय," सुतार म्हणाला.

जिन्याखालून पत्नीचा आवाज आला. "हत्तीला चार पाय धड असतात. मला चढू द्या आधी."

ती चढू लागली. खाली उतरून मी तिच्या दोन पायऱ्या मागे राहिलो. शेवटच्या पायरीपाशी तिने डावा पाय वर ठेवला, दोन्ही हातांनी खांब धरला आणि उजव्या पायासह सारा देह वर ओढला. फळी करकरली. खांब तिच्याकडे किंचित झुकला. तिने तत्क्षणी हात सोडून माझा खांदा धरला आणि पायरीवर बसली. कोणालाही इजा झाली नाही.

श्वास स्थिरावल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं ढकलून बघता. मी ओढते."

"वयनी, ह्या आधी सांगूक नाय?"

"तू विचारलंस कुठे? तू हत्तीला विचारत होतास."

सुतार मोठ्याने हसला. मग हसणे थांबवून गुडघ्यांवर बसला आणि खांबाचा तळ पाहू लागला. पट्ट्यांनी खांब फळीला धरून ठेवला होता. परंतु ओढ बसताच फळीच उचलली जात होती. धरायला हवे होते ते फळीखालच्या वाशांना. त्या दुपारी सुताराला भांडुपला भावकीच्या बैठकीस जायचे होते. मी आठवण करून दिली.

"नाय गेलंय तर दोन गाळी घालतीत, आणि काय!" असे म्हणून त्याने पट्ट्या सोडवायला घेतल्या. त्याचा मी आजही ऋणी आहे.

बाजारात एक हार्डवेअरचे दुकान अर्धे उघडे होते. तेथून मी लांब बोल्ट आणला. तोवर सुताराने खालच्या खोलीत स्टुलावर चढून दोन वाशांच्या मध्ये एक जाड ठोकळा घट्ट बसवला. बोल्ट खालून ठोकळ्यातून व फळीतून वर खांबाच्या पोटात गेला. सुताराने खांबाच्या तळाशी कोरलेल्या लहान खिडकीतून मी पान्याने नट आवळला. तो खालून "अजून!" म्हणत राहिला, आणि पाना फिरेनासा झाला तेव्हाच गप्प झाला. खिडकीवर त्याने सागाचा तुकडा बसवला.

पत्नी पुन्हा चढली. या वेळी मी तिच्या लगत मागे होतो. तिने खांब धरला, ओढला, आणि वर गेली. वर जाऊन वळली, पुन्हा एकदा सर्व भार टाकून खांब ओढून पाहिला.

"हं," ती म्हणाली.

"बरं झालं बोललीस," मी म्हणालो.

"बोलले नसते तर पडले असते."

तिने आयुष्यात पुष्कळ गोष्टी न बोलता सोसल्या. ही सोसली नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पुढे ती हिंडतीफिरती होती तोवर त्याच खांबाला धरून वर गेली.

सुतार व मी शिवणयंत्र वर नेले. त्याने लोखंडी स्टँड उचलला, मी यंत्र. ते पूर्वेच्या खिडकीशी पूर्वीच्या जागी ठेवले. तो चहा पिऊन गेला. नंतर मी मागल्या खोलीत टांगलेला दिवा उतरवला आणि वायर गुंडाळून फडताळात ठेवली.