बांगडीच्या ठशाचं बोळकं

ये गं, अशी जवळ सरक. मागल्या खेपेला एक पाय उंबऱ्यात आन् एक रस्त्यावर ठेवून इचारलंस, "आजी, ती कणकेच्या झाकणाची मासळी कशी करायची?" उभ्या उभ्या सांगायची गोष्ट हाय का ती? बस. कृती सांगते, पण तिच्यासंगं माझा रागही ऐकावा लागंल. एवढी म्हातारी झाले, तरी तो निवला न्हाई.

निजामाचं राज्य होतं तवा. पालीजवळ नदीच्या अंगाला आमचं घर. घरातल्या चुलीवर मासळी चालायची न्हाई. ती परसात, गोवऱ्यांच्या आरावर. भोयाची बाई डोहातली मरळ आन् झिंगे घेऊन दारात यायची. एका भगुन्यात शिजवलं की आधी पुरुषांची पंगत उठायची, आन् आमच्यापुढं यायचे काटे आन् बुडाचा रस्सा. सासूबाईंनी असं लई वर्षं गिळलं. मग बीडला एका लग्नात त्यांनी बावर्ची बघितला, देगचीच्या तोंडाला कणीक लावून दम देणारा. घरी आल्या आन् कुंभारणीकडनं माणसागणिक एकेक बोळकं घेतलं. ज्याचं त्याचं वेगळं, तोंड बंद. हात कोण घालतो बघू म्हणाल्या.

बुडाला कांदा घालायचा. वर मरळीच्या तुकड्या, मूठभर झिंगे, भाजलेल्या तिळा-खोबऱ्याचं वाटण, चिंचेचा कोळ. कणकेत करडईचं तेल इतकं, की मूठ वळली की सुटू नये. जाड लाटायची, तेल-पीठ फासून घडी घालायची, परत लाटायची, आन् बोळक्याच्या काठावर दाबून बसवायची. बोळकं आरात ठेवायचं आन् वर खापरात निखारे. झाकण खालनं रश्शात मुरतं आन् वरनं खुसखुशीत होतं. पुरुषांचं झाकण कोरं. बाईनं मात्र आपल्या झाकणावर हातातली बांगडी दाबायची. ठसा जिचा, झाकण तिनंच फोडायचं. सासूबाईंचा कायदा होता तो.

तुझी आजी, म्हणजे माझी थोरली जाऊ, तवा पोटुशी होती. तुझ्या बापाच्या वेळंची गोष्ट. पाणी पोटात ठरत नव्हतं, तोंड पार वाळून गेलतं. एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, मासळी खावीशी वाटतीय. सासूबाईंना असा आनंद झाला, की मरळीच्या जाड तुकड्या निवडून त्यांनी तिच्या बोळक्यात भरल्या. ठसा तिनं सोताच्या हातानं दाबला आन् आरापाशीच बसली, वास घेत.

तेवढ्यात गिरदावर आला, निजामाचा शेतसारा तपासणारा साहेब. संगं त्याची माणसं. मामंजी जेवायचा आग्रह करून बसले. कोरी बोळकी पुरली न्हाईत, तर मामंजी सोता परसात आले आन् ठशाची उचलायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "तेवढं ठेवा. ते थोरलीचं हाय. बघा ठसा."

"ठसा बघून काय करू? साहेबाच्या ताटात बांगडी वाढू का?" म्हणाले आन् घेऊन गेले.

गडी बोळकी परत घेऊन आला. रिकामी. काठाला झाकणाचा चिकटलेला तुकडा तेवढा राहिलता. तुझी आजी तो नखानं खरवडून खायला लागली. नुसती खरवडत बसली. ते बघून माझं डोकं फिरलं बाई. हात धुवायच्या पाण्याचा तांब्या घेऊन मीच ओसरीवर गेले, पदर तसाच कपाळापर्यंत ओढलेला.

"साहेब," मी म्हणाले, "तुमी खाल्लं त्याच्यावर बांगडीचा ठसा होता. ती बाई आत काठ खरवडतीय."

साहेब हसला. म्हणाला, "जायका लई उमदा होता, भाभी." लाजून खाली बघायचं तर न्हाईच. मामंजी त्या दिवसापासनं माझ्याशी बोलले न्हाईत. पुढं मेले, तरी बोलले न्हाईत. मीही मनवायला गेले न्हाई. का म्हणून जावं?

परत मासळी आली, तवा सासूबाईंनी बायकांची बोळकी आधी आरात घातली. ओसरीवरनं हाक आली, काय झालं का न्हाई अजून. आमी घराकडं पाठ करून बसलो, आन् सासूबाई तुझ्या आजीला म्हणाल्या, "फोड." तिनं ठशावरच बोट घातलं. वाफ तोंडावर आली, जीभ पोळली, तरी थांबली न्हाई. हाक परत आली, तवा सासूबाईंनी तिथनंच सांगितलं, "आमचं जेवण चाललंय. तुमची आता ठेवते."

तेव्हापासनं आमच्या परसात हाच क्रम. तुझ्या बापाचं बोळकंसुद्धा मागनंच लागायचं.

आता उठू नको म्हणत न्हाई, तुला घाई हाय. पण डोह आटायच्या आत ये, लवकर ये. आन् असे मोकळे हात घेऊन येऊ नको. एक तरी बांगडी घालून ये, मी तुझं बोळकं पहिलं लावते.