प्लेगात मचाणावर

आमच्या कोठीत उंदीर मरून पडले, त्याच दिवशी गावानं घरांना कुलपं लावली आणि वावरात झोपड्या घातल्या. प्लेग आला की आमच्या भागात असंच करत.

काका बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होता. साहेबाची नक्कल करणारा, भुताखेतांची टिंगल करणारा. मेलेले उंदीर पाहून तो ओसरीतल्या खाटेवर चढला. काकू एरवी पाल दिसली तरी ओरडायची. तिनं ते चिमट्यानं उचलले आणि रॉकेल ओतून जाळले.

वावरात आल्यावर काका झोपडीत शिरलाच नाही. ज्वारीत दाणा भरत होता आणि पाखरं हाकायला मचाण उभं होतं. काकानं त्याच्या खांबांभोवती बाभळीचे काटे रचले, वर चढला आणि शिडी ओढून घेतली. उंदीर येऊ नये म्हणून, असं तो म्हणाला. भाकरी दोरीच्या टोपलीतून वर जायची, तीही कडुनिंबाच्या धुरावर धरून. उरलेला वेळ तो गाठ आली का ते पाहायला काखा चाचपायचा. शेजारच्या झोपड्यांतली पोरं खाली रांगेत उभी राहून तसंच करायची.

वडील मचाणाखाली गेले. "उतरतं का बे, का आणू बांधून?"

"दादा, दूर उभे राहा. तुमच्या पायावर पिसू असन."

काकू भासऱ्यांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, थेट बोलत नसे. ती आईला म्हणाली, वडिलांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात, "बाई, बांधून आणसान तं अंग येईन खाली. हासनं-बोलनं वरच राहीन. मले त्या अंगाचं काय करायचं?"

वडील खाकरले आणि बैलांकडे गेले.

ती रोज टोपली बांधताना वर काहीतरी विचारायची. वरून "हो" नाहीतर "नाही" यायचं. काका कधीच इतकं कमी बोलला नव्हता आणि काकूला तेवढ्याचीच भीती होती.

एके दिवशी शेजारच्या वावरातली बाई धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, येऊन ओरडली. मचाणावर बसलेला माणूस राखणीलाच बसलेला, अशी तिची सरळ समजूत होती.

"ओ राखणवाले! झोपले काय? कणसं खाऊन राह्यले ना पाखरं! काऊन ठेवलं तुमाले?"

काका गडबडून उभा राहिला. मचाणावर गोफण होती. त्यानं ती फिरवली. दगड पाखरांकडे न जाता आमच्या झोपडीपुढच्या माठावर आला. पाणी चुलीत गेलं. काकू राखेनं माखून उभी राहिली आणि वर पाहू लागली.

"कचेरीत नेम शिकवत नाही वो," वरून आवाज आला.

काकू खाली बसून हसली. मग फुटका माठ तसाच ठेवून तिनं दगडांची टोपली वर पाठवली.

पुढे काका दिवसभर पाखरं हाकायचा, हाकताना साहेबाच्या आवाजात त्यांना रजा नामंजूर करायचा. हात गोफणीत गुंतल्यानं काखा मागे पडल्या. उतरायला मात्र तयार नव्हता. शेवटी ज्वारी सोंगून झाली. भोवती नुसती धसकटं, आणि मधोमध मचाणावर काका.

"आता काय राखता? धसकटं?" काकूनं विचारलं.

"मंग काय राखू?"

"मले राखा. एकटीले झोपडीत भेव वाटते."

ज्या चिमट्यानं तिनं मेलेले उंदीर उचलले होते, तो तिथेच चुलीजवळ पडला होता.

काकानं शिडी सोडली. स्वतः रचलेले काटे तो विसरला होता. पहिलंच पाऊल त्यांत पडलं आणि तो ओरडला. काकूनं त्याला धुऱ्यावर बसवून पाय मांडीवर घेतला. इतक्या दिवसांत त्यानं कोणाला बोटही लावू दिलं नव्हतं.

"हात धुतले काय?" त्यानं विचारलं.

"नाही," काकू म्हणाली आणि काटा उपसला.